अकरा नंबरचा पत्रा

निगडी,
१२ फेब्रुवारी १९७४

श्री. गुरुदत्त यांस,
पद्मजाचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. मी आणि मृदुला ठीक आहोत. साखर कारखान्यातली नोकरी तुम्हाला मानवली, हे वाचून बरं वाटलं. गुडघा थंडीत दुखतो का? यंदा माघ सरत आला तरी इकडे पहाटे गारठा आहे, म्हणून आठवण झाली.

तुमचं नाव असं ठळक लिहिताना पूर्वी माझा हात अडखळायचा. गेल्या आठवड्यात सरकारी कागदांवर ते इतक्यांदा लिहिलं, की आता काही वाटत नाही. त्या कागदांविषयीच लिहायला बसले आहे.

प्राधिकरणाची जमीन संपादनाची नोटीस आल्याचं दौलतराव भावजींनी तुम्हाला कळवलंच आहे. जमीन रंगरावांची, तेव्हा तिचं काय ते रंगराव बघतील. तिच्यावर आपली बराक उभी आहे, ती मार्चअखेर आपण हलवायची आहे. तुम्ही लिहिता, बराक नीट सोडवून घे, बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून डब्यात भर, पत्र्यांवरचे नंबर पुसू देऊ नकोस, मोठा पाना जपून ठेव. मोशीला भावजींच्या रानात ती पुन्हा उभी करू आणि झालं गेलं विसरून तिघं राहू. सगळं वाचलं. पाना माझ्याजवळच आहे, त्याची काळजी नसावी.

सोमवारी पंचनामा झाला. कारकून म्हणून प्रभाकर नावाचा एक तरुण आला होता, पुण्याचा, नाकावर रुमाल धरून. त्याने असलं घर कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, "बाई, हे नक्की काय आहे?" मी सांगितलं, की हे देहूरोडच्या लष्करी लिलावातलं तयार घर आहे. आडव्या पिंपाचं अर्धं कापून जमिनीवर पालथं घालावं तसं. लोखंडी कमानी, त्यांच्यावर वाकवलेले पन्हळी पत्रे, सगळं बोल्टवर. सोडवलं की ट्रकमध्ये भरता येतं. त्याने वही काढली आणि म्हणाला, "म्हणजे स्थावर नाही, जंगम. जंगमाची भरपाई नसते. मालकाने विल्हेवाट लावायची आणि तसा कागद करून द्यायचा." मी म्हटलं, कागद करून द्यायलाच बसले आहे, तुम्ही लिहा.

पंच म्हणून रंगराव होते आणि हमरस्त्यावरचे वेल्डिंगवाले मीरासाहेब. रंगरावांच्या सोजरबाई शेजारी त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणजे त्याही होत्याच.

जंगम म्हटल्यावर एकेका पत्र्याची स्थिती लिहावी लागते. प्रभाकर नंबर वाचायचा, मीरासाहेब बोटाने टकटक करून सांगायचे, "कडक हाय," किंवा "गंज धरलाय." चार नंबरला भोक निघालं. तुम्ही पहार फेकली होती ती तिथून आरपार गेली होती. मी सांगितलं, पहार लागली. सात नंबरला मोठा खड्डा. तो वरवंट्याचा. मी खाली वाकले म्हणून पत्र्याला लागला. मी सांगितलं, वरवंटा लागला. प्रभाकर लिहीत गेला. त्याला वाटलं असेल, ही बाई भलतीच धसमुसळी दिसते.

मग अकरा नंबर आला. चुलीच्या बाजूचा, माझ्या उंचीचा. त्याच्यावर सगळीकडे पोचेच पोचे. पोरगं हुशार निघालं. त्याने बाहेर जाऊन हात फिरवला, पुन्हा आत आला आणि म्हणाला, "दगड लागले तर पोचा आत यायला हवा. हे सगळे आतून बाहेर आलेत. कशाने आले?"

रंगराव पायातल्या वहाणेकडे बघत राहिले. मीरासाहेबांनी बिडी काढली आणि न पेटवताच खिशात ठेवली. मी उत्तर देणार होते, तेवढ्यात सोजरबाईंनी सूप खाली ठेवलं.

"त्ये तिचं डोस्कं हाय, सायेब. ल्ह्या की. धा वर्सं आमी ऐकलंय. पिंपात वाजावं तसं वाजायचं, पार शाळंपत्तुर."

रंगराव म्हणाले, "तू गप बस." सोजरबाई म्हणाल्या, "गपच बसल्ये व्हते." आणि सूप उचलून घरात गेल्या.

खरं आहे ते. त्या गप्पच बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत हळद आणि गोडंतेल पाठवायच्या, पण काय झालं म्हणून कधी विचारायच्या नाहीत. मला त्या वाटीचा फार राग यायचा. तरी तेल लावून वाटी घासून परत करायचे.

मग प्रभाकरने लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्यापुढे केली. मी वाचलं. 'पत्रा क्र. ११: आतील बाजूने अनेक पोचे. कारण: घरगुती वापर.' मी सही केली. त्याच्याकडे त्याहून वेगळा शब्द कुठून असणार? कंपनीत साहेबापुढे तुमची मान कधी वर झाली नाही. मीही वरच्या आवाजात बोलायची नाही. वाजायचा तो पत्राच.

शेवटी मालकाचं नाव. प्रभाकरने तुमचं लिहायला घेतलं, तेव्हा मी ट्रंकेतून पाकीट काढलं. तुमच्या लक्षात असेल, कंपनीच्या वसाहतीत खोल्या मिळायच्या होत्या आणि स्वतःचं घर असलेल्याचं नाव यादीतून उडत होतं. म्हणून तुम्ही पुण्याला कोर्टात जाऊन स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलंत, की ही बराक पत्नीने तिच्या स्त्रीधनातून घेतली, माझा तिच्यावर काडीचाही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. लिलावाची पावतीही माझ्याच नावावर करून घेतलीत. त्या दिवशी तुम्ही खुशीत होतात. मला उसाचा रस पाजलात आणि हसत म्हणालात, "कागदावर मालकीण तू, घरात मी." वसाहतीतली खोली काही मिळाली नाही. कागद मात्र राहिला.

प्रभाकरने तो वाचला आणि तुमचं नाव खोडून माझं लिहिलं.

विल्हेवाटीच्या अर्जात दोन रकाने असतात. 'पुन्हा उभारणीसाठी' आणि 'मोडीसाठी.' खाली लिहिलेलं असतं, नको ते खोडावे. मी पहिलं खोडलं आहे. तुम्हाला आधी कळवावं म्हणून हे पत्र.

आषाढातल्या त्या दुपारविषयी तुम्ही काही लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही.

पद्मजा

*

चिंचवड,
३ मार्च १९७४

श्री. गुरुदत्त यांस,

तुमची तार मिळाली. 'घराला हात लावू नको. दौलत येतोय.' दौलतराव भावजी सकाळी पोचले, तार दुपारी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भावजींनी त्यांच्या बाजूने तुम्हाला लिहिलंच असेल. उजव्या हाताने लिहिलं नसणार, एवढं मला माहीत आहे.

झालं ते असं. बुधवारी मीरासाहेब गॅसची टाकी घेऊन कापायला आले. कापायला लागण्याआधी त्यांनी मला समजावून पाहिलं होतं. "ताई, माल चांगला हाय. कापू नका. अख्खा द्या, गोठ्याला कोणी पण घेईल." मी म्हटलं, गोठ्यालासुद्धा नको. कमानी मधोमध कापा, पत्र्यांचे चार-चार तुकडे करा, म्हणजे देवाला आणून बसवलं तरी जोडता येणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि खडूने रेघा मारायला घेतल्या.

दक्षिणेकडची बाजू पूर्ण निघाली होती. माझी चूल, मांडणी, मृदुलाचं दप्तर, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. अकरा नंबर आणि त्याच्या शेजारचे दोन तेवढे उभे होते. मृदुलाला मी सोजरबाईंच्या घरात बसवलं होतं. तेवढ्यात मोशीचा ट्रक आला. भावजी आणि दोन गडी. भावजी उतरले ते ओरडतच. "कुणाच्या बापाचा माल कापतोस रे?" आणि काही ऐकायच्या आत मीरासाहेबांच्या छातीत लाथ घातली. ते पडले, गॅसने कापायची पेटती बंदूक त्यांच्या हातावर पडली. कातडी जळल्याचा वास मला आला. कोपरापर्यंत भाजलेत ते. रियाजने, त्यांच्या मुलाने, धावत येऊन टाकीचा कॉक बंद केला, नाहीतर आज हे पत्र लिहायला मी नसते आणि तुमचे भाऊही नसते.

मी पाकीट घेऊन पुढे झाले. म्हटलं, भावजी, हा कागद वाचा, तुमच्या भावाची सही आहे. त्यांनी कागद बघितला नाही. माझी वेणी धरली, हाताला दोन वेढे दिले आणि मला अकरा नंबरच्या पत्र्यावर आपटलं.

तुमच्या घरात हे कोण कुणाला शिकवतं, मला माहीत नाही. तोच हात, तेच दोन वेढे, पत्राही तोच. पहिल्या आपटीला कपाळ फुटलं. दुसऱ्या आपटीला डोळ्यात रक्त उतरलं आणि दिसेनासं झालं. पत्रा वाजला, तो मी ऐकला. पण बाकीचं घर नव्हतं, त्यामुळे आवाज आत घुमला नाही. मोकळा बाहेर गेला.

दहा वर्षं तो आवाज आला की आजूबाजूची दारं लागायची. या वेळी दार लावून उपयोग नव्हता, कारण सगळं डोळ्यासमोर चाललं होतं. रंगराव बांधावरून येताना मला एका डोळ्याने दिसले. हातात काही नव्हतं. म्हातारा माणूस, धाप लागलेली.

"दौलतराव, सोडा तिला."

"तुमी मदी पडू नका, रंगराव. ह्यो आमच्या घरातला मामला हाय."

रंगरावांनी इकडेतिकडे बघितलं. कापलेल्या कमानी, उघडी चूल, रस्त्यावर थांबलेली माणसं.

"घर कुटं ऱ्हायलंय आता?" ते म्हणाले. "समदं उगडं हाय."

एवढंच बोलले. आणि येऊन भावजींच्या दंडाला लटकले. त्यांच्या मागून सोजरबाई मुसळ घेऊन आल्या आणि ट्रकवाल्या गड्यांसमोर उभ्या राहिल्या. गडी जागचे हलले नाहीत. भावजींनी रंगरावांना झटकलं, ते पत्र्यांच्या तुकड्यांवर पडले, त्यांची पोटरी फाटली. पण तेवढ्यात माझी वेणी सुटली होती.

पाना चुलीशेजारी होता. मी तो तिथेच ठेवत असे, गेल्या आषाढापासून. भावजींचा हात पुन्हा माझ्याकडे आला, त्याच्या मनगटावर मी घातला. हाड मोडल्याचा आवाज पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे आईला हाका मारू लागले. सासूबाई वर बसून ऐकत असतील तर त्यांना म्हणावं, मलाही कधीकधी आईची आठवण यायची.

गड्यांनी त्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. जाताना फिर्याद करीन म्हणाले. खुशाल करा म्हणावं. फौजदार आले तर पंच म्हणून रंगराव आणि मीरासाहेबच येतील. त्यांना आता सह्या करायची सवय झाली आहे.

आता त्या दुपारचं लिहिते. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुम्ही 'झालं गेलं विसरू' म्हणता, आणि जे झालं त्यातलं अर्धं तुम्हाला माहीतच नाही. न माहीत असलेलं तुम्ही कसं विसरणार?

त्या दुपारी छत गळत होतं, म्हणून मी पाना घेऊन वरचा बोल्ट आवळत होते. तुम्ही पहिल्या शिफ्टहून आलात. फोरमन काहीतरी बोलला होता. मृदुला आपल्याच नादात मोठ्याने कविता म्हणत होती. तुम्ही दोनदा गप्प बस म्हणालात आणि तिसऱ्या वेळी तिच्या डाव्या कानावर अशी मारलीत की ती पाटावरून खाली पडली. कानातून रक्त आलं, फ्रॉकच्या कॉलरवर ओघळलं. तुम्ही तिला उठवायला केसांना धरलंत. तेव्हा मी मारलं. गुडघ्यावर. तुम्ही कोसळलात.

हे तुम्हाला माहीत आहे. लोकांना तुम्ही स्कूटरवरून पडलो म्हणून सांगितलंत आणि मी कधी ते खोटं पाडलं नाही. पाय टेकता येऊ लागला तसे तुम्ही साखर कारखान्यावर निघून गेलात.

माहीत नाही ते पुढचं. तुम्ही पालथे पडला होतात, डोकं माझ्या पायाशी होतं. मी पाना दोन्ही हातांनी वर उचलला होता. गुरुदत्त, मी घाबरून किंवा भान हरपून उचलला नव्हता. मला सगळं स्वच्छ कळत होतं. कुठे मारायचं तेही मी बघून ठेवलं होतं, कानामागे, केस विरळ आहेत तिथे. पोरीने तेवढं बघू नये, इतकंच मनात होतं. म्हणून मी म्हटलं, "मृदुला, डोळे मिट."

तिने मिटले नाहीत. मी मोठ्याने म्हटलं. मग ओरडले. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, डोळे टक्क उघडे. काय म्हणतेस आई, असं विचारल्यासारखं. तेव्हा मला कळलं की तिला ऐकू येत नाही. दोन्ही कान बंद झाले होते तेव्हा. उजवा नंतर महिन्याभराने सुटला, डावा गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटून आतलंही काही दुखावलंय.

ती बघत होती, म्हणून मी पाना खाली ठेवला. तिला ऐकू आलं असतं तर ती मुकाट्याने डोळे मिटून बसली असती, गुणी पोर आहे. तुम्ही तिला बहिरं केलंत म्हणून जिवंत आहात. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, उचलल्याचाही नाही आणि ठेवल्याचाही नाही. पण मोशीच्या रानात ती बराक पुन्हा उभी राहून, तिच्यात आपण तिघं राहणं, हे माझ्याच्याने होणार नाही. ते कुणा एकाच्या जिवावर बेतेल, आणि कुणाच्या ते मला आधीच माहीत आहे.

राहिलेलं सगळं गुरुवारी कापून झालं. मीरासाहेबांनी हाताला फडकं बांधून शेजारी बसून रियाजकडून करवून घेतलं. अकरा नंबर शेवटी घेतला. त्याचे तुकडे करताना सोजरबाई येऊन उभ्या राहिल्या. माझ्या कपाळाला त्यांनीच हळद दाबली, स्वतःच्या हाताने. वाटी पाठवली नाही. मला रडू आलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. त्या नुसत्या "व्हय माज्ये बाय, व्हय" म्हणत राहिल्या.

शनिवारी कचेरीत शेवटचं प्रतिज्ञापत्र केलं. सदर घर मोडीत काढले असून पुन्हा उभारण्याजोगे राहिलेले नाही. प्रभाकरने माझ्या कपाळाची पट्टी बघितली. मी म्हटलं, "घरगुती वापर." बिचाऱ्याच्या हातून शिक्का वाकडा उठला. कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. पाना तेवढा मी मोडीत दिला नाही.

आता आम्ही इथे चिंचवडला एका खोलीत राहतो. मला जवळच मोटरच्या कॉइली गुंडाळायचं काम मिळालं आहे. भिंती विटांच्या आहेत. पहिल्या दिवशी मी भिंतीवर मूठ आपटून बघितली, काही आवाज आला नाही.

एक सांगायचं राहिलं. बराकीत मृदुला नेहमी चांगला कान वर करून झोपायची. तुम्ही गेल्यावरसुद्धा, एवढे महिने. स्कूटरचा आवाज आला तर कळायला हवा ना. इथे आल्यापासून ती उजव्या कुशीवर वळते, चांगला कान उशीत घालते आणि गाढ झोपते. सकाळी तिला हलवून उठवावं लागतं. मी थोडा वेळ बघत बसते, मगच उठवते.

लोभ असावा असं लिहीत नाही. मृदुला तुमची मुलगी आहे. तुम्ही येऊ नये असं मी म्हणणार नाही. पत्ता पाकिटावर दिला आहे, स्टेशनपासून लांब नाही. फक्त येण्याआधी एक कार्ड टाका. म्हणजे तिला मी त्या दिवशी सोजरबाईंकडे पाठवून ठेवीन.

पद्मजा